मावळतीचे रंग काय सांगतात?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मराठीत सकाळ 'होते', दिवस 'उगवतो', पण त्याच्याही आधी 'तांबडं फुटतं'. घरोघरी घड्याळे नव्हती तेव्हा शेतावर निघायची किंवा वाटेला लागायची वेळ याच रंगावरून ठरत असे. संध्याकाळसाठी तर आपल्याकडे शब्दांची नुसती रेलचेल आहे. तिन्हीसांजा, दिवेलागण, कातरवेळ, संधिप्रकाश. आणि गोरज. रानातून परतणाऱ्या गाईंच्या खुरांनी उडालेल्या धुळीवरून एका मुहूर्ताचेच नाव पडले. दिवसाच्या दोन टोकांना इतकी नावे देणाऱ्या माणसांनी आकाशाकडे मन लावून पाहिले असणार, यात शंका नाही.

पण सूर्य तोच, आकाश तेच, मग दुपारी पांढराशुभ्र दिसणारा प्रकाश संध्याकाळी केशरी आणि तांबडा का होतो, असे विचारले तर बहुतेकांकडून एकच उत्तर मिळते. हवेतल्या धुळीमुळे! जितकी धूळ जास्त, तितका सूर्यास्त रंगीत, असाही एक समज आहे. शहरातला धूर वाढला म्हणून निदान संध्याकाळ तरी छान दिसते, असे गमतीने म्हणणारे लोकही भेटतात. हे उत्तर खरे नाही. सूर्यास्ताला रंग देते ती मुख्यतः स्वच्छ हवा. धूर आणि धूळ बहुतेक वेळा त्या रंगावर बोळाच फिरवतात. हे एकदा नीट समजले, की रोजची संध्याकाळ आपल्याला हवेविषयी बरेच काही सांगू लागते. त्या हवेतच आपण श्वास घेतो, म्हणून हा विषय नुसत्या सौंदर्याचा राहत नाही.

निळा रंग जातो कुठे?

सूर्याचा पांढरा प्रकाश अनेक रंगांचा मिळून बनलेला आहे, हे आपण शाळेत शिकलो आहोत. प्रत्येक रंगाची तरंगलांबी वेगळी. जांभळ्या प्रकाशाची सुमारे ४०० नॅनोमीटर, तांबड्याची सुमारे ७०० नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. बाकीचे रंग या दोहोंच्या मध्ये येतात.

हा प्रकाश वातावरणात शिरला की त्याची गाठ हवेच्या रेणूंशी पडते. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचे हे रेणू प्रकाशाच्या लाटांच्या मानाने हजारपटीहून लहान असतात. रेणू आपल्यावर पडलेला थोडासा प्रकाश उचलतो आणि सगळ्या दिशांना उधळून देतो. शास्त्रीय भाषेत याला प्रकाशाचे विकिरण म्हणतात. आपण साध्या भाषेत विखुरणे म्हणू. यात महत्त्वाची गोष्ट अशी, की रेणू सगळ्या रंगांना सारखी वागणूक देत नाहीत. तरंगलांबी जितकी कमी, तितके विखुरणे जास्त, आणि तेही चौथ्या घाताच्या प्रमाणात. म्हणजे तरंगलांबी निम्मी झाली तर विखुरणे दुप्पट होत नाही, सोळापट होते. या हिशेबाने जांभळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे नऊपट विखुरतो, आणि निळा सुमारे चौपट.

हा चौथ्या घाताचा नियम इंग्लंडमधल्या जॉन विल्यम स्ट्रट यांनी १८७१ मध्ये मांडला. हेच पुढे लॉर्ड रॅले म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांच्या आधी, १८६९ मध्ये, जॉन टिंडल यांनी काचेच्या नळीत अतिसूक्ष्म कणांचा ढग तयार करून त्यातून प्रकाशाचा झोत सोडला होता, आणि त्या नळीत आकाशासारखी निळाई उमटलेली पाहिली होती. तेव्हा शास्त्रज्ञांनाही वाटत होते, की आकाश निळे दिसायला हवेत काहीतरी बारीक धूळ तरंगत असली पाहिजे. १८९९ मध्ये रॅले यांनी दाखवून दिले, की धुळीची गरजच नाही, हवेचे स्वतःचे रेणू या कामाला पुरेसे आहेत. म्हणजे 'धुळीमुळे' हे आपले नेहमीचे उत्तर एके काळी विज्ञानाचेही उत्तर होते. सव्वाशे वर्षांपूर्वी विज्ञानाने ते सोडून दिले. आपण मात्र अजून धरून बसलो आहोत.

डोक्यावरचे आकाश निळे दिसते ते या विखुरलेल्या निळ्या प्रकाशामुळे. मग जांभळे का दिसत नाही? एक तर सूर्यप्रकाशात जांभळ्याचा वाटा कमी, आणि आपला डोळा जांभळ्यापेक्षा निळ्याला अधिक संवेदनशील. दोन्ही मिळून आपल्या वाट्याला निळाई येते.

याचा अनुभव घरात घेता येतो. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, त्यात दुधाचे अगदी मोजके थेंब टाका आणि ढवळा. खोलीत अंधार करून बॅटरीचा पांढरा झोत पेल्यातून सोडा. बाजूने पाहिले तर पाणी किंचित निळसर दिसेल. समोरून, म्हणजे झोताच्या दिशेकडे तोंड करून पाहिले, तर तोच झोत पिवळसर किंवा नारिंगी दिसेल. बाजूला दिसते ते दुपारचे आकाश, आणि समोर दिसतो तो संध्याकाळचा सूर्य. दूध जास्त झाले तर मात्र सगळे नुसतेच पांढरे होते. हा 'जास्त दुधाचा' भाग लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे. गावाकडे संध्याकाळी चुलीचा धूर पाहिला असेल, तर हेच दृश्य तिथेही दिसते. मागे गर्द झाडी असली की तो धूर निळसर वाटतो, आणि तोच धूर वर चढून उजळ आकाशासमोर आला की तपकिरी होतो. धूर एकच. पहिल्या वेळी आपण विखुरलेला प्रकाश पाहतो, दुसऱ्या वेळी विखुरणे होऊन मागे उरलेला.

अडतीसपट वाट

आता सूर्य कलू लागतो तसे काय बदलते ते पाहू. सूर्य डोक्यावर असतो तेव्हा त्याचा प्रकाश हवेच्या थरातून उभा, म्हणजे सर्वांत जवळच्या वाटेने खाली येतो. सूर्य क्षितिजाला टेकला की तोच प्रकाश हवेतून आडवा, तिरपा येतो. या वाटेवर त्याला डोक्यावरच्या वाटेपेक्षा जवळजवळ ३८ पट हवा ओलांडावी लागते. उभी भिंत आरपार भोसकणे वेगळे आणि तिच्या लांबीतून भोक पाडत जाणे वेगळे, तसाच हा प्रकार.

नुसत्या स्वच्छ हवेचा हिशेब मांडला, तरी आकडे बोलके आहेत. भर दुपारी निळ्या प्रकाशाचा साधारण पाचवा हिस्सा वाटेत विखुरतो आणि तांबड्याचा विसावा. म्हणून दुपारच्या सूर्याच्या रंगात फारसा फरक पडत नाही. पण क्षितिजावरच्या सूर्याकडून थेट आपल्यापर्यंत येणाऱ्या निळ्या प्रकाशाचा हजारातला एक भागही शिल्लक राहत नाही. तांबड्याचा मात्र सुमारे सातवा हिस्सा पोचतो. हिरवा आणि पिवळा यांच्या मध्ये कुठेतरी. सूर्य खाली येताना आधी पिवळसर, मग केशरी आणि शेवटी तांबडा होत जातो तो याच क्रमाने एकेक रंग गळत गेल्यामुळे. सूर्याच्या अंगी काहीही बदललेले नसते.

मग तो गळालेला निळा रंग वाया गेला का? नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभे राहून आपण मावळता सूर्य पाहतो, तेव्हा त्याचे किरण अरबी समुद्रावरच्या काहीशे किलोमीटर हवेतून आलेले असतात. तिकडे पश्चिमेला अजून दिवस आहे. तिथल्या एखाद्या जहाजावरच्या खलाशाला जे निळे आकाश दिसते, त्यात आपल्या किरणांतून विखुरलेल्या निळ्याचाही वाटा आहे. आपल्याला दिसणारी लाली म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी निळ्या आकाशातून उरलेला प्रकाश.

या लांबच्या वाटेवर आणखी एक गोष्ट घडते. हवेच्या विरळ थरातून दाट थरात येताना किरण थोडे वाकतात, म्हणजे त्यांचे वक्रीभवन होते. क्षितिजापाशी हे वाकणे अर्ध्या अंशाहून थोडे अधिक असते, आणि सूर्यबिंबाचा आकारही आकाशात जवळजवळ अर्ध्या अंशाचाच आहे. त्यामुळे बिंबाची खालची कड समुद्राला टेकलेली आपण पाहतो, त्या क्षणी सरळ रेषेच्या हिशेबाने अख्खा सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो! हवेच्या या कृपेने आपल्याला रोज, सकाळ-संध्याकाळ मिळून, चार-पाच मिनिटांचा जास्तीचा दिवस मिळतो. बिंबाची खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून मावळता सूर्य खालून-वरून दाबल्यासारखा, किंचित चपटा दिसतो. तो क्षितिजावर मोठा वाटतो हा मात्र मनाचा खेळ आहे. मोजून पाहिले तर तो मोठा झालेला नसतो.

सूर्य बुडाल्यानंतर

कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यावर सूर्यास्त पाहायला जमलेली गर्दी बिंब पाण्यात गेले की टाळ्या वाजवते आणि उठते. बिंब टेकल्यापासून पूर्ण बुडायला आपल्याकडे दोन-सव्वादोन मिनिटे लागतात. पण रंगांचा खरा खेळ पुढच्या वीस-बावीस मिनिटांत होतो. आपल्यासाठी सूर्य मावळला, तरी उंचावरच्या ढगांसाठी तो मावळलेला नसतो. आठ-दहा किलोमीटर उंचीवर पिंजलेल्या कापसासारखे पातळ ढग असतील, तर खूप लांबून आलेला तांबडा प्रकाश त्यांच्या खालच्या बाजूवर पडतो आणि ते पेटल्यासारखे दिसतात. ढग इथे पडद्याचे काम करतात. ढगच नसतील तर संध्याकाळ सुंदर असते, पण साधी असते. ढग पश्चिमेलाच दाट असतील, तर प्रकाशाची वाटच बंद होते.

याच वेळी पाठ फिरवून पूर्वेकडे पाहण्याची सवय फार थोड्यांना असते. सिंहगडावर, महाबळेश्वरला किंवा कुठल्याही मोकळ्या माळावर, हवा स्वच्छ असताना, सूर्य बुडाल्यावर पूर्वेच्या क्षितिजालगत एक निळसर करडा पट्टा वर चढताना दिसतो, आणि त्याच्या माथ्यावर गुलाबी पट्टा. तो करडा पट्टा म्हणजे खुद्द पृथ्वीची सावली. आपल्याच ग्रहाची सावली वातावरणावर पडलेली असते, आणि त्या सावलीच्या वर अजून तांबडा प्रकाश पोचत असतो, त्याची ती गुलाबी कड. पाच-दहा मिनिटांत सावली वर सरकत जाते आणि पट्टा पुसला जातो. रात्र 'पडते' असे आपण म्हणतो. पूर्वेकडे पाहिले तर ती क्षितिजावरून उगवताना दिसते.

डोक्यावरच्या आकाशाचीही एक गंमत आहे. सूर्यास्तानंतर तिथे येणारा प्रकाशही लांबून आलेला असतो. केवळ विखुरण्याचा हिशेब केला तर ते आकाश पिवळसर-करडे दिसायला हवे. प्रत्यक्षात ते गडद निळे असते. याचे उत्तर एडवर्ड हल्बर्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये दिले. उंचावरचा ओझोन वायू पिवळा आणि नारिंगी प्रकाश थोडासा शोषून घेतो, आणि संधिप्रकाशात किरणांची ओझोनमधली वाट लांब असल्याने हा परिणाम ठळक होतो. म्हणजे अतिनील किरणांपासून आपले रक्षण करणारा ओझोनचा थर डोळ्यांना दिसत नाही असे आपण समजतो, पण तिन्हीसांजेला माथ्यावरच्या निळाईत तो रोज हजेरी लावतो.

यानंतर काळोख पूर्ण व्हायला आपल्या अक्षांशावर साधारण सव्वा तास लागतो. आपल्याकडे सूर्य क्षितिजाखाली बराचसा सरळ उतरतो, म्हणून संधिप्रकाश लवकर आटोपतो. लंडनमध्ये जूनमध्ये सूर्य इतका तिरपा जातो, की रात्रभर खगोलशास्त्रीय अर्थाने पूर्ण अंधार होतच नाही. तिथले सूर्यास्त लांबलचक वाटतात ते त्यामुळे.

धुळीचे काम काय?

आता धुळीकडे वळू. धुळीचा आणि रंगाचा संबंध ठरतो तो कणांच्या आकारावर. जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव्ह मी यांनी १९०८ मध्ये याचे गणित मांडले. कण प्रकाशाच्या लाटेपेक्षा खूपच लहान असेल, तर रॅले यांचा नियम लागू होतो आणि निळा-तांबडा असा मोठा भेदभाव होतो. कण लाटेएवढा किंवा त्याहून मोठा झाला, की हा भेदभाव जवळजवळ संपतो. तो सगळे रंग कमी-अधिक सारखेच विखुरतो. ढग पांढरे दिसतात ते याच कारणाने, आणि पेल्यातले दूध जास्त झाल्यावर सगळे पांढरे झाले तेही याच जातीचे.

वाहनांचा आणि कारखान्यांचा धूर, बांधकामांची व रस्त्यांची धूळ, जाळलेला कचरा यांतून येणारे बरेचसे कण या मापाचे असतात, किंवा दमट हवेत पाणी शोषून या मापाचे होतात. असे कण हवेत दाटले की सगळ्या रंगांचा प्रकाश एकमेकांत मिसळून आकाशभर पसरतो. परिणामी आकाश फिकट, मळकट, दुधी दिसते. सूर्याचे बिंब तांबूस दिसेल कदाचित, पण त्याच्या भोवतीचे रंग मरतात. निळा, केशरी, गुलाबी असे वेगवेगळे पट्टे दिसण्याऐवजी सगळीकडे एकच गढूळ पिवळेपणा राहतो. मोठ्या शहरांत हिवाळ्यात आणखी एक दृश्य दिसते. सूर्य क्षितिजापर्यंत पोचतच नाही. त्याच्या बराच आधी, हवेतच, तो विरून जातो.

गोरजाची धूळ थोडी वेगळी. खुरांनी उडणारे कण मोठे आणि जड असतात, थोड्या वेळात खाली बसतात. ते रंग तयार करत नाहीत. आधीच सोनेरी झालेला प्रकाश ते अंगावर झेलतात आणि आपल्याला दाखवतात. ढग उंचावर जे करतात, तेच ही धूळ गावच्या वाटेवर करते.

महाराष्ट्रात सर्वांत देखणे सूर्यास्त पाऊस उघडल्यावर, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात दिसतात, असा अनेकांचा अनुभव आहे. त्याचे कारण आता स्पष्ट व्हावे. चार महिन्यांच्या पावसाने हवा धुऊन निघालेली असते, आणि परतीच्या पावसाचे उंच ढग पडद्याला हजर असतात. पुढे हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत साठते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते, वारा मंदावतो आणि धूर खालीच कोंडून राहतो. मग संध्याकाळीही फिक्या पडतात. कधी बाहेरूनही पाहुणे येतात. २३ जानेवारी २०२२ रोजी पाकिस्तानकडून आलेल्या वादळी धुळीने मुंबई आणि परिसर झाकोळून टाकला होता. याच्या उलट प्रयोग २०२० च्या टाळेबंदीत आपोआप झाला. वाहने आणि कारखाने थांबले, आणि त्या एप्रिलमध्ये पंजाबातल्या जालंधरच्या लोकांना घराच्या गच्चीवरून हिमाचलातली धौलाधारची हिमशिखरे दिसली. अनेक वर्षे ती तिथेच होती. दिसत नव्हती.

मुद्दा असा, की संध्याकाळ मळवणारे हे कण आणि आपल्या फुप्फुसांत खोल उतरणारे कण हे बऱ्याच अंशी एकच आहेत. बातम्यांत 'पीएम २.५' हा शब्द येतो तो अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांसाठी. केसाची जाडी याच्या पंचवीस-तीसपट असते. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. एक घनमीटर हवेत असे कण दिवसाच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत, अशी भारताची २००९ मधली मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ असावी असे सुचवले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने 'सफर' नावाची यंत्रणा उभारून मोठ्या शहरांतल्या हवेचे मोजमाप लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली. त्या आकड्यांना पर्याय नाही. पण आकडे पाहण्याची आठवण करून देण्याचे काम आकाश रोज फुकट करते.

क्राकाटोआची संध्याकाळ

धूळ रंग बिघडवते म्हणता, मग ज्वालामुखीनंतरचे प्रसिद्ध सूर्यास्त कसे, असा प्रश्न कुणी विचारील. तो रास्त आहे. २७ ऑगस्ट १८८३ रोजी जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या क्राकाटोआ बेटावरच्या ज्वालामुखीचा महाभयंकर स्फोट झाला. समुद्राच्या लाटांनी छत्तीस हजारांवर माणसे गिळली. स्फोटाची राख आणि वायू पार स्थितांबरात, म्हणजे ढग-पावसाच्या थराच्याही वर फेकले गेले. तिथे पाऊस नाही, त्यामुळे ते धुऊन निघण्याची सोय नाही. मोठे कण लवकर खाली आले. उरले ते गंधकाच्या वायूपासून बनलेले अतिसूक्ष्म थेंब, जवळजवळ एकाच मापाचे आणि उंचावर पातळ पसरलेले. शहरी धुरासारखे ते आपल्या आणि आकाशाच्या मध्ये दाटलेले नव्हते. खालची हवा स्वच्छ, आणि वर वीसेक किलोमीटरवर ताणलेला तलम पडदा! त्यावर सूर्यास्तानंतर कितीतरी वेळ तांबडा-जांभळा प्रकाश पडत राही. त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या पकिप्सी गावात पश्चिमेला आग लागली असे समजून लोकांनी बंब बोलावले.

आपल्या देशातही त्या सप्टेंबरात अजब दृश्य दिसले. श्रीलंका आणि दक्षिण भारतात काही दिवस उगवता-मावळता सूर्य चक्क हिरवा दिसला. मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख नॉर्मन पॉग्सन यांनी त्याची नोंद केली. पुढे कोडाईकनालची वेधशाळा उभारणारे मिची स्मिथ तेव्हा मद्रासलाच होते. त्यांनी त्या हिरव्या सूर्याच्या वर्णपटाचा अभ्यास केला. कण विशिष्ट मापाचे आणि एकसारखे असतील, तर ते निळ्या-हिरव्यापेक्षा तांबडा प्रकाशच जास्त विखुरतात. नेहमीचा हिशेब उलटा होतो आणि सूर्य हिरवा किंवा निळा दिसतो.

या रंगांनी विज्ञानाला एक अनपेक्षित देणगी दिली. कोणत्या गावी, कोणत्या तारखेला विचित्र सूर्य किंवा लाल संध्याकाळ दिसली, याच्या नोंदी जगभरातून गोळा करून लंडनच्या रॉयल सोसायटीने १८८८ मध्ये मोठा अहवाल छापला. तारखा नकाशावर मांडल्यावर लक्षात आले, की ती राख विषुववृत्ताच्या बाजूने पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत सुमारे दोन आठवड्यांत पृथ्वीला फेरी घालून आली होती. इतक्या उंचावर वारा कसा वाहतो हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हते. विमाने नव्हती, उपग्रह नव्हते. जहाजांवरच्या कप्तानांनी आणि गावोगावच्या हौशी माणसांनी आकाश पाहून तारीख लिहून ठेवली, म्हणून तो वारा सापडला.

जून १९९१ मध्ये फिलिपीन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीनेही अशाच जांभळ्या संध्याकाळी दाखवल्या. त्याच पडद्याने सूर्यप्रकाश अडवल्यामुळे पुढच्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले होते. म्हणून सुंदर संध्याकाळ म्हणजे सगळे ठीक आहे, असाही सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. कार्बन मोनॉक्साइडसारखे घातक वायू तर रंगात दिसतच नाहीत.

मुंबई बंदरातले एक पत्र

प्रकाशाच्या विखुरण्याची गोष्ट एका भारतीय नावाशिवाय पुरी होत नाही. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन युरोपचा दौरा आटोपून 'नारकुंडा' या जहाजाने परत येत होते. समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे रॅले यांचे मत होते. रामन यांनी जहाजावरून एका लहानशा निकोल प्रिझममधून समुद्राकडे पाहिले. पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश त्या प्रिझमने दूर करता येतो. प्रतिबिंब गेले, तरी निळाई तशीच राहिली. उलट अधिकच खुलली. म्हणजे पाणी स्वतःच प्रकाश विखुरत होते. याविषयी 'नेचर' या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रावर त्यांनी पत्ता घातला तो मुंबई बंदराचा, तारीख २६ सप्टेंबर. पाणी तांबडा प्रकाश थोडा शोषून घेते, हेही समुद्राच्या निळाईचे मोठे कारण आहे, हे पुढे स्पष्ट झाले. पण त्या निरीक्षणातून सुरू झालेला शोध २८ फेब्रुवारी १९२८ च्या रामन परिणामापर्यंत आणि १९३० च्या नोबेल पारितोषिकापर्यंत गेला. २८ फेब्रुवारी हा आपला राष्ट्रीय विज्ञान दिन आहे, हे आपल्याला माहीत असते. त्याचा एक धागा मुंबई बंदरात उभ्या असलेल्या जहाजापर्यंत जातो, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

हवा बदलली की संध्याकाळ बदलते, याची साक्ष पृथ्वीबाहेरही मिळते. मंगळावर हवा अत्यंत विरळ आणि तिच्यात बारीक धूळ कायमची तरंगत असते. तिथले दिवसाचे आकाश पिवळट-तांबूस, आणि सूर्यास्त निळा! 'स्पिरिट' या यानाने २००५ मध्ये आणि 'क्युरिऑसिटी'ने २०१५ मध्ये त्याची छायाचित्रे पाठवली. चंद्रावर हवाच नाही, म्हणून तिथे भर दिवसाही आकाश काळे, आणि सूर्य पांढराच मावळतो.

पण त्याच चंद्रावर आपले सूर्यास्त मात्र दिसतात. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसले. अशा वेळी चंद्र पृथ्वीच्या सावलीत पूर्ण बुडतो, तरी काळा होत नाही, तांब्याच्या भांड्यासारखा दिसतो. त्या क्षणी पृथ्वीच्या कडेवर जिथे जिथे सूर्य उगवत किंवा मावळत असतो, तिथल्या हवेतून वाकून, गाळून निघालेला तांबडा प्रकाश चंद्रावर पडतो. जगातल्या सगळ्या उषा आणि सगळ्या संध्याकाळी एकाच वेळी त्यावर उमटतात. आणि पृथ्वीची हवा मळलेली असेल तर तेही तिथे कळते. पिनाटुबोनंतर, डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात चंद्र इतका काळवंडला होता, की तो शोधावा लागला.

आपल्याला करता येईल असे एक साधे काम आहे. घराच्या गच्चीवरून किंवा रोजच्या वाटेवरून पश्चिम दिसेल अशी एक जागा ठरवा. आठवड्यातून एकदा तारीख टाकून दोनच गोष्टी लिहा. सूर्य क्षितिजाला टेकून मावळला, की त्याआधीच धुरकटात हरवला? आणि सूर्य गेल्यावर पूर्वेला पृथ्वीची सावली दिसली का? दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्याच्या भिंगातून सूर्याकडे थेट पाहू नका, आणि नुसत्या डोळ्यांनीही टक लावू नका. मुलांना सोबत घ्या. वर्षभराच्या नोंदी जमल्या, की आपल्या गावची हवा कोणत्या महिन्यात बिघडते आणि कधी निवळते, हे त्या वहीत दिसू लागेल. एखादे वर्ष आधीच्या वर्षापेक्षा मळकट गेले, तर ते विचारण्यासाठी हातात काहीतरी असेल. १८८३ मध्ये ज्यांनी अशा तारखा लिहून ठेवल्या, त्यांच्याकडेही वही-पेन्सिलीपलीकडे फारसे काही नव्हते.